हातभर खड्डा

मित्रांनो, आधी हसून घ्या. माझं नाव ऐकलं की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसतात, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना संडास आहे. चामोर्शी तालुक्यात जंगलाला पाठ टेकून कोसमटोला नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या देवाजी गवंड्याच्या अंगणात, गोठ्याच्या मागे मी उभा आहे. तुमचं हसून झालं असेल तर ऐका, कारण पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

मला देवाजीनंच बांधलं. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस बोलायला कमी आणि कामाला वाघ. आजूबाजूच्या पाच-सात गावांत त्याच्या हाताला मान होता. मारुतीच्या देवळाचा ओटा त्यानं बांधला, शाळेची स्वयंपाकाची खोली त्यानं बांधली. ओळंबा धरल्याशिवाय तो विटेवर वीट ठेवत नसे. लोक म्हणत, देवाजीनं घातलेली भिंत आहे, तिच्याकडे बघायचं काम नाही.

त्या वर्षी धान निघालं आणि गावात हुकूम आला. अमुक तारखेच्या आत घरोघरी संडास झाला पाहिजे, तारखेला बघायला माणसं येणार, मग गावाबाहेर हागणदारीमुक्त गावाचा फलक लागणार. गावात एकेचाळीस घरं बिनसंडासाची होती. तालुक्याच्या एका ठेकेदारानं सगळं काम देवाजीवर सोपवलं. हातात दिवस होते चाळीस.

आमच्या इथली जमीन तुम्हाला सांगायला हवी. वर हातभर माती, तिच्याखाली नुसता मुरूम. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठिणगी उडते. प्रत्येक घराला दोन शोषखड्डे खणायचे होते, छातीइतके खोल, आतून विटांची जाळी करून. एक भरला की तो बंद करायचा आणि दुसरा चालू करायचा. पहिल्या तीन घरांचे खड्डे देवाजीनं असे नीट खणले. त्यातच त्याचे पंधरा दिवस गेले. ठेकेदाराचे रोज सकाळ-संध्याकाळ फोन येऊ लागले. सरपंच मुखरूभाऊ येऊन बसू लागले. खड्डा कोण बघतो, वरचं बांधकाम दिसलं म्हणजे झालं, असं दोघंही म्हणाले. देवाजीलाही मनातून तेच वाटत होतं. त्याच्या सात पिढ्या शौचाला नाल्यावरच गेल्या होत्या. राहत्या घराला लागून कोण बसणार आहे, लोक यात सरपण नाहीतर कोंबड्या ठेवतील, असं तो बायकोला म्हणाला. चौथ्या घरापासून त्यानं हातभर माती काढली, त्यावर फरशी टाकली आणि पुढच्या घराकडे गेला.

मी एकेचाळिसावा. त्याच्या स्वतःच्या घरचा. माझ्याखालीही खड्डा हातभरच होता.

वरून मात्र मी देखणा होतो. माझ्या भिंती ओळंब्यात होत्या. आत पांढरं स्वच्छ भांडं, वर पत्रा, पुढे लोखंडी दार. बाहेरून मला निळा रंग दिला आणि त्यावर घराचा नंबर घातला. मग एक माणूस मोबाइल घेऊन आला. त्यानं देवाजीला आणि त्याच्या बायकोला, भागीरथाला, माझ्या दारात उभं केलं आणि फोटो काढला. भागीरथानं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. तारखेला माणसं आली, त्यांनी माझ्या भिंतीवर हात फिरवला, चांगलं काम आहे म्हणाली. गावाबाहेर फलक लागला. शाळेत पेढे वाटले. मला फार अभिमान वाटला, मित्रांनो. आपल्या पोटात काय नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

देवाजीला आदेश नावाचा एकुलता एक मुलगा. तो चामोर्शीला राईस मिलमध्ये कामाला होता आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची बायको रंजीता वरोऱ्याची. बाजाराच्या गावात वाढलेली. माहेरी संडास होता. लग्न होऊन ती कोसमटोल्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सासूच्या मागे डबा घेऊन झुडपांत जावं लागलं, तेव्हा ती परत येऊन गोठ्यात उभी राहून रडली होती. ही गोष्ट भागीरथानंच केसरबाईला सांगितली. केसरबाई म्हणजे शेजारीण. दोघी एकाच वर्षी या गावात सुना होऊन आल्या होत्या. तीस वर्षं दोघींनी एकमेकींची सोबत केली होती, पहाटे झुडपांत जायला, धानाच्या रोवणीला, मोहफुलं वेचायला.

मी बांधून झालो, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद रंजीताला झाला. तिनं माझ्या आत एक बादली आणि प्लास्टिकचा मग आणून ठेवला. दाराच्या मागे साबणाची वडी ठेवायला विटेचा तुकडा बसवला. माझा वापर करणारं ते पहिलं माणूस. चार दिवस ती आली. पाचव्या दिवशी तिनं पाणी ओतलं आणि ते खाली जाईना. भांडं काठोकाठ भरून आलं. सहाव्या दिवशी फरशीच्या फटीतून घाण अंगणात आली.

रंजीता लाजेनं अर्धमेली झाली. आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं. भागीरथानं पदर खोचला, चुलीतली राख आणली, खराटा घेतला आणि सगळं स्वतः साफ केलं. मग हात धुऊन ती देवाजीसमोर येऊन उभी राहिली. तो बाजेवर बसून विडी ओढत होता.

"काऊन तुंबला वो तो? नवाच तं हाये," तिनं विचारलं.

देवाजी माझ्याकडे बघत नव्हता. "जमीनच तशी हाये इथली," तो म्हणाला. "पानी जिरत नाई."

भागीरथानं मान डोलावली. नवऱ्यानं उभ्या आयुष्यात कामाच्या बाबतीत खोटं सांगितल्याचं तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी देवाजीनं धानाची चार पोती, तुटका नांगर आणि शेणाच्या गोवऱ्या माझ्यात भरल्या आणि दाराला तार गुंडाळली. दोन्ही बायका पुन्हा डबे घेऊन झुडपांत जाऊ लागल्या. गावातल्या इतर घरांतही हेच झालं. कुणाकडे पाणी तुंबलं, कुणाकडे आधीच शेळी बांधली होती. फलक मात्र गावाबाहेर उभाच होता.

मग फेब्रुवारीत एक दिवस उजाडताना तालुक्याहून तपासणीचं पथक आलं. गाव कागदावर हागणदारीमुक्त झालं होतं, तरी लोक बाहेर जातात अशी तक्रार कुणीतरी केली होती. पथकातले लोक जीपमधून उतरले आणि झुडपांच्या कडेला उभे राहिले. बायका उठून येताना दिसल्या की ते शिट्टी वाजवत, लाजवायला हातात झेंडूचं फूल देत आणि फोटो काढत. भागीरथाला आणि केसरबाईला त्यांनी पुढे उभं केलं. फोटो काढणाऱ्या पोरसवदा माणसानं त्यांना डबा जरा वर धरायला सांगितलं. दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर पोचला होता.

भागीरथा घरी आली ती थेट माझ्या भिंतीशी येऊन बसली. फूल अजून तिच्या मुठीत होतं. ती रडत नव्हती. रंजीतानं चहा आणून दिला तो तिनं घेतला नाही. बऱ्याच वेळानं केसरबाई आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"नातू खेळवाच्या वयात माहा असा फोटो काढला," भागीरथा म्हणाली. "उद्यापासून आपून नाल्यापार जाऊ. तिथी कोनी येत नाई."

नाल्यापलीकडे कुणी का येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. महिनाभरापासून तिथे वाघाची पावलं दिसत होती. जंगलखात्याच्या माणसांनी दवंडी दिली होती, की नाल्यापलीकडे एकटंदुकटं जाऊ नये, उजाडायच्या आधी तर मुळीच जाऊ नये. केसरबाईनं तसं म्हटलंही. भागीरथा म्हणाली की वाघ एक वेळ सोडून देईल, हे मोबाइलवाले सोडत नाहीत.

रंजीताला तेव्हा पाचवा महिना लागला होता. पोटुशी पोरीनं नाला ओलांडायचा नाही, असं भागीरथानं बजावलं. तिच्यासाठी तिनं माझ्याच मागे, कुंपणाच्या आत बांबूचे तट्टे उभे करून आडोसा केला, तिथे खुरप्यानं लहान खड्डा केला आणि बाजूला मातीचा ढीग ठेवला. सुनेनं तिथे जायचं आणि वर माती लोटायची. हे करताना ती माझ्या भिंतीला टेकून दम खात होती. माझ्या आत धानाची पोती होती आणि माझ्याबाहेर ती बाई सुनेसाठी हातानं खड्डा करत होती. देवाजी हे बघत होता. त्याला तेव्हा बोलता आलं असतं. तो उठला आणि बैल घेऊन शेतावर गेला.

मोहफुलं पडायला सुरुवात झाली होती. एका सकाळी दोघी नेहमीसारख्या डबे घेऊन गेल्या. नीट उजाडलं नव्हतं. रंजीतानं चूल पेटवली, देवाजी बैलांना वैरण टाकत होता. तेवढ्यात कुंपणाचं फाटक धाडकन उघडलं आणि केसरबाई आत आली. तिच्या एकाच पायात चप्पल होती. लुगडं काट्यांनी फाटलं होतं. ती माझ्या दाराला धरून खाली बसली. देवाजीनं तिचे खांदे धरून हलवलं, तेव्हा दोनच शब्द बाहेर पडले.

"नेलं तिले."

पुरुष काठ्या, कुऱ्हाडी, रिकामे डबे घेऊन धावले. डबे बडवल्याचा आवाज मला नाल्यापलीकडून येत होता. जंगलखात्याची गाडी गेली. दुपारी तिला बाजेवर घालून आणलं. वरून पायापर्यंत चादर होती आणि चादरीवर आणखी एक चादर होती. बाज अंगणात ठेवली तेव्हा आदेश चामोर्शीहून पोचला होता. त्याला चादर वर करू दिली नाही. देवाजी बाजेजवळ गेलाच नाही. तो माझ्यासमोर उभा राहून माझ्या दाराची तार सोडवायचा प्रयत्न करत होता. तार गंजून घट्ट बसली होती, त्याच्या बोटांतून रक्त आलं, तरी तो ओढतच होता. शेवटी आदेशनं त्याला धरून बाजूला नेलं.

तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा माणूस बयान घ्यायला आला. अंगणातच बाज टाकली. तो तरुण होता, चांगला होता, हळू बोलत होता. सरपंच मुखरूभाऊ त्याच्या आधीच येऊन बसले होते. त्यांनी देवाजीला बाजूला घेऊन समजावलं ते मी ऐकलं. भागीरथा मोहफुलं वेचायला गेली होती, एवढंच सांग. संडासाचं काढू नको. गावाचा फलक आहे, फोटो आहेत, उगाच चौकशी लागेल आणि पहिल्यांदा तुझंच नाव येईल. देवाजीनं ऐकून घेतलं.

त्या माणसानं वही उघडली. समोर माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, की घरी शौचालय असताना बाई उजाडायच्या आधी नाल्यापलीकडे कशासाठी गेल्या होत्या.

"मोहा वेचाले," मुखरूभाऊ म्हणाले.

देवाजी उठून उभा राहिला. त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, तो त्यानं काढून हातात घेतला.

"मोहा वेचाले नाई गेली, साहेब. संडासाले गेली," तो म्हणाला. "हा संडास खोटा हाये. याच्या खाली हातभर खड्डा हाये. मीच बांधलो. गावातले अडतीस संडास असेच हायेत, तेबी मीच बांधलो. तिनं मले इचारलं व्हतं, काऊन तुंबला म्हणून. मी तिच्याशी खोटं बोललो. लिहून घ्या."

त्या तरुण माणसाचा पेन कागदावर थांबला होता. केसरबाई ओट्याच्या कडेला बसली होती. तिनं देवाजीकडे पाहिलं, मग ती उठली आणि फाटकातून निघून गेली. मुखरूभाऊही गेले. रंजीता दारात उभी होती. ती सासऱ्याजवळ आली नाही, पण आतही गेली नाही.

चौकशीची पुढे दोन पत्रं आली. ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं. त्यापुढे काही झालं नाही. फलकही कुणी काढला नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी सब्बल घेऊन माझ्यापुढे आला. त्यानं तार कापली. पोती, नांगर, गोवऱ्या सगळं बाहेर फेकलं. मग मागे जाऊन त्यानं फरशी फोडली आणि खणायला सुरुवात केली. एप्रिलचं ऊन होतं. मुरूम भाजलेल्या विटेसारखा झाला होता. सब्बल आपटल्याचा प्रत्येक दणका माझ्या पायाला जाणवत होता. आदेशनं मिलमधून सुट्टी घेतली होती, तो घमेल्यानं माती वर काढत होता. बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. दोन खड्डे, छातीइतके खोल. आतून त्यानं एक वीट सोडून एक वीट लावली, पाणी जिरायला जागा ठेवली. दोन्ही खड्ड्यांच्या मध्ये विटांची लहान चौकट बांधली, म्हणजे एका वेळी एकाच खड्ड्यात पाणी जाईल. फरशा बसवल्या, कडेनं सिमेंट भरलं. मग आत येऊन त्यानं बादलीभर पाणी माझ्या भांड्यात ओतलं.

पाणी गेलं. सरळ खाली गेलं. खड्ड्यात पडल्याचा आवाज आला.

देवाजी माझ्या पायरीवर बसला. हात चिरले होते, त्यांवर सिमेंट वाळलं होतं. रंजीतानं पाण्याचा तांब्या आणला. तो घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"पाच दिवसाचं काम व्हतं," तो तिला म्हणाला. "पाचच दिवसाचं."

आणि मग तो रडला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. रंजीता तांब्या धरून उभी राहिली. तिनं त्याला समजावलं नाही, आणि मला वाटतं तेच बरं केलं.

त्यानंतर देवाजी घरोघरी गेला. तुमच्या घरचे खड्डे मी खोटे खणले, आता नीट खणून देतो, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं होतं. सोपं नव्हतं ते. एका घरी त्याला शिव्या बसल्या. एका घरी म्हातारा म्हणाला, आता आमची शेळी कुठे बांधायची? काहींनी तर आपल्याकडच्या संडासाला आता विटाळ झाला, त्याच्यामुळे बाई मेली, असं म्हणून दारं लावून घेतली. पण काही घरांत सुना पुढे आल्या. सासरे नको म्हणत असताना त्याच कुदळ आणून देत होत्या. देवाजी त्या उन्हाळ्यात नऊ घरी खणू शकला. पाऊस लागला तेव्हा थांबला, धान निघाल्यावर पुन्हा सुरू केलं. चार वर्षांत त्यानं स्वतःचं धरून सव्वीस घरांचे खड्डे नीट केले. दोन बोटं कायमची वाकडी झाली. कंबर धरली. गवंडीकामाला त्याला कुणी फारसं बोलवत नव्हतं, आणि बोलावलं तरी तो आधी हेच काम करायचा.

रंजीताला मुलगी झाली. तिचं नाव रीता. ती चालायला लागल्यावर तिला काखेत घेऊन रंजीता सासऱ्याच्या मागोमाग त्या घरांत जाऊ लागली. खड्डा खणून झाला की बायकांना सांगायचं काम तिचं. आधी भांडं ओलं करायचं म्हणजे घाण चिकटत नाही, पाणी थोडंच पुरतं, लहान मुलाची घाणही उकिरड्यावर न टाकता इथेच टाकायची, आणि बाहेर आल्यावर साबण लावल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. बायका तिला विचारत, खड्डा भरला की मग काय? त्यात हात कोण घालणार? हा प्रश्न सगळ्यांना होता आणि दोन वर्षं बंद ठेवला की आत सगळ्याचं खत होतं, या तिच्या उत्तरावर कुणाचा विश्वास नव्हता.

केसरबाईचं दार या सगळ्या वर्षांत बंद राहिलं. ती देवाजीशी बोलली नाही. रस्त्यात तो दिसला तर वाट बदलायची. तिच्या अंगणातही माझ्यासारखाच एक निळा संडास होता, त्यात ती कोंबड्या कोंडायची. स्वतः ती दिवस वर आल्यावर, चार बायकांना घेऊन, हातात काठी घेऊन बाहेर जायची. पायांत शक्ती राहिली नव्हती, तरी जायची.

पाच वर्षांनी माझा पहिला खड्डा भरला. देवाजीनं चौकटीतली वाट बदलून दुसरा चालू केला आणि पहिल्यावर फरशी घट्ट केली. दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मागच्या उन्हाळ्यात ती दोन वर्षं पूर्ण झाली.

तो खड्डा उघडणार, ही बातमी गावभर झाली. भाऊबंद येऊन बसले. हे आपलं काम नाही, बाहेरून माणूस आणा, समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. आदेशही घुटमळत होता. देवाजी म्हणाला की आपल्या घरचं आपण काढायचं नाही तर दुसऱ्या कुणी का काढायचं, त्याला आईबाप नाहीत का? भाऊबंद उठून गेले. त्यातले दोघं आजही या घरचं पाणी पीत नाहीत.

भर दुपारी त्यानं फरशी सरकवली. कुंपणाबाहेर बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. देवाजी खाली उतरला. घमेलं भरून वर दिलं ते रंजीतानं घेतलं आणि अंगणात पालथं केलं. बायका मागे सरकल्या, मग एकेकीनं नाकावरचा पदर काढला. वास नव्हता. काळपट, भुसभुशीत, पार सुकलेली माती होती, शेतात कुजवलेल्या खतासारखी. देवाजीनं ती मुठीत घेऊन दाबली आणि बोटांतून खाली सोडली.

तेव्हा फाटक उघडून केसरबाई आत आली. सात वर्षांनी ती या अंगणात पाय ठेवत होती. काठी टेकत ती खड्ड्याच्या काठापर्यंत आली. आत छातीइतक्या खोल खड्ड्यात देवाजी उभा होता, डोक्याचे केस पांढरे, अंगभर माती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं खड्डा पाहिला, खालपर्यंत, विटांची जाळी पाहिली.

"असाच माह्याकडेबी खनून दे," ती म्हणाली. "पन तुले मी माफ नाई केली, देवाजी."

"नको करू, बाई," तो खालून म्हणाला.

ती काठी टेकत परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी आणि आदेश सब्बल, कुदळ घेऊन तिच्या घरी गेले. तिनं कोंबड्या आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या. खणायला या वेळी नऊ दिवस लागले, कारण देवाजीला आता तासाभराच्या वर सब्बल धरवत नाही. नवव्या दिवशी पाणी ओतून बघितलं, तेव्हा केसरबाई तिथेच उभी होती. संध्याकाळी तिनं रीताच्या हाती या घरी वाटीभर चटणी पाठवली. देवाजीनं भाकरीशी ती खाल्ली आणि वाटी धुऊन परत दिली. तो आणि केसरबाई अजूनही बोलत नाहीत.

गावातल्या त्या एकेचाळीसपैकी तीस संडास आता वापरात आहेत. अकरा नाहीत. नाल्यापलीकडे अजूनही पावलं दिसतात, आणि अजूनही पहाटे कुणीतरी डबा घेऊन तिकडे जातं.

माझा रंग उडाला आहे. दाराला खालून गंज लागला आहे. रीता रोज शाळेत जायच्या आधी माझ्याकडे येते आणि बाहेर पडून साबणानं हात धुते. तिच्या आजीचा फोटो घरात भिंतीवर आहे. माझ्यासमोर उभं राहून काढलेला, पदर पुढे ओढून हसणारा. दुसरा कुठलाच फोटो नव्हता म्हणून तोच मोठा करून लावला, असं आदेश कुणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, मी भिंत, पत्रा आणि भांडं एवढाच आहे. मला चालता येत नाही. भागीरथा माझ्या भिंतीला टेकून बसली होती तेव्हा मला तिला काही सांगता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या घरी, शाळेत, गावात माझे भाऊबंद असतील. त्यांच्यात पोती भरलेली दिसली, दाराला तार दिसली, पाणी तुंबलेलं दिसलं, तर गप्प बसू नका. का तुंबलं, हे मोठ्यांना विचारा, आणि जमीनच तशी आहे असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. जे चालू आहेत ते स्वच्छ ठेवा, आपल्या हातांनी ठेवा. आणि पहाटे डबा घेऊन जाणारी कुणी बाई तुम्हाला दिसली, तर तिला हसू नका, तिच्यावर शिट्टी वाजवू नका. तिच्या घरी जाऊन फरशी उचला आणि खाली किती खोल आहे ते बघा.